फांदीवरचा पक्षी आणि छायाचित्राची चौकट

दिवाळीच्या सुटीनंतर कांहीं विद्यार्थी आपण काढलेलीं पक्ष्यांचीं छायाचित्रें मोठ्या हौसेनें मजकडे घेऊन आले. कोणाजवळ वडील भावाचा कॅमेरा होता, कोणाजवळ घरचा मोबाइल. चित्रें पुष्कळ होतीं. परंतु बहुतेकांत पक्षी अगदीं मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या सभोंवतीं तारा, पानें, घरांचे पत्रे व पांढरें आकाश यांची दाटी. त्यांतील एकानें विचारलें, "सर, मोठी लेन्स घेतली म्हणजे फोटो चांगला येईल ना?"

ह्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत दोन वाक्यांत देण्यासारखें नव्हतें, म्हणून हा लेखनप्रपंच. दूरचें जवळ आणणाऱ्या भिंगाचा उपयोग मी नाकारीत नाहीं. परंतु माझा आजवरचा अनुभव असा आहे कीं, भिंग लहान असल्यामुळें चित्र क्वचितच बिघडतें. आपण फांदी न पाहिल्यामुळें तें नेहमीं बिघडतें. पक्षी दिसला कीं आपली दृष्टि त्याला चिकटते व बोट बटणावर जातें. तो ज्या फांदीवर बसला आहे ती फांदी, तिच्या मागचा माळ, तिच्यावर कोणत्या बाजूनें ऊन पडतें आहे, ह्यांकडे आपलें लक्ष नसतें. कॅमेऱ्याचें मात्र असतें, आणि पक्ष्याबरोबर तो तें सगळें इमानानें टिपून ठेवतो. म्हणून आज आपण पक्ष्याच्या आधीं त्याच्या बैठकीचा विचार करूं.

ह्या अभ्यासाला बारामती व इंदापूर हे दोन तालुके फार सोयीचे आहेत. दोन्ही पर्जन्यछायेंत येतात. वर्षाकाठीं पाऊस सुमारें ५०० मिलिमीटर, म्हणजे वीस इंच. १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि त्याच्या पाण्याखालचा पट्टा उसानें हिरवा होत गेला. वरच्या अंगाचा जिरायत भाग मात्र माळाचाच राहिला. पुढें १९८० च्या सुमारास भीमेवरील उजनी धरण पुरें झालें, आणि त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या उत्तरेच्या व पूर्वेच्या कडेनें पसरला. त्यामुळें एका दिवसाच्या फेरींत आपणांस माळ, ऊस आणि पाणी अशीं तीन निरनिराळीं स्थळें पाहावयास मिळतात, आणि प्रत्येक स्थळीं पक्ष्यांच्या बैठकी वेगळ्या. उसाच्या पट्ट्यांत विजेच्या तारा, कालव्याचा कठडा, विहिरीवरची लोखंडी चौकट. माळावर बाभूळ, हिवर, बोर, तरवडाचें झुडूप, घायपाताचा वाळलेला उंच दांडा, हद्दीचा दगड. पाण्याच्या कांठीं कोळ्यांनीं रोवलेले बांबू आणि बुडालेल्या झाडांचे सांगाडे.

पक्षी ह्या बैठकींवर सहज म्हणून बसत नाहीं. बहुधा तो कामावर असतो. वेडा राघू घ्या. बोराच्या वाळक्या शेंड्यावर बसून तो चोहोंकडे मान फिरवितो, एकाएकीं झेप घेतो, हवेंतल्या हवेंत माशी पकडतो, आणि वळसा घेऊन बहुतेक वेळीं त्याच शेंड्यावर परत येतो. मधमाशी असेल तर तिला फांदीवर आपटून व घासून तिची नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. म्हणजे ती फांदी त्याचें पहाऱ्याचें ठिकाण आहे, आणि जेवणाचें पानहि तेंच. नीलपंख तारेवर किंवा खांबावर बसतो, पण त्याची नजर हवेंत नसते. खालच्या जमिनीवर नाकतोडा हालला कीं तो निळ्या पंखांचा झगझगाट करीत खालीं उतरतो. कापशी घार उंच खांबाच्या टोंकावर बसून उंदरांची वाट पाहते. खाटकाला बाभळीचें प्रेम अधिक, कारण पकडलेला किडा किंवा सरडा तो कांट्याला टोंचून ठेवतो. त्याच्या नांवाचा उगम ह्याच उद्योगांत आहे. गप्पीदास हा हिवाळ्याचा पाहुणा. त्याला झुडुपाचें किंवा गवताचें अगदीं वरचें टोंक लागतें, व तेथें बसून तो शेपटी सारखी हालवीत असतो. चंडोलाला झाड लागतच नाहीं. ढेंकूळ किंवा दगड हेंच त्याचें सिंहासन. कोतवालाला तर म्हशीची पाठहि चालते, कारण म्हैस चालूं लागली कीं गवतांतले किडे उडतात.

हें ध्यानांत आलें म्हणजे पक्ष्यामागें धांवण्याचें कारण उरत नाहीं. ज्या फांदीवर तो पुन्हां येणार ती फांदी शोधावी आणि आधींच तिच्यासमोर जाऊन बसावें. विद्यार्थ्यांस माझी सूचना अशी कीं, पहिल्या दिवशीं कॅमेरा घरींच ठेवावा. वही घ्यावी व अर्धा तास एकाच जागीं बसून पुढील गोष्टी टिपाव्या: पक्षी कोणत्या फांदीवर बसला, ती जमिनीपासून किती उंच, त्याचें तोंड कोणत्या दिशेस होतें, आणि उडून गेल्यावर तो परत आला कीं नाहीं. हा अर्धा तास कंटाळवाणा वाटतो हें मी जाणतों. पण कॅमेरा गळ्यांत असला म्हणजे मनुष्य पाहत नाहीं, केवळ संधि शोधतो.

दिशेचें टिपण करावयास सांगितलें त्याला कारण आहे. पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतो. पाठीकडून वारा आला तर त्याचीं पिसें उलटीं फुलतात. शिवाय उडावयाचें झालें तर वाऱ्याच्या तोंडावर उडणेंच त्यास सोपें जातें. आपल्या भागांत हिवाळ्यांत वारा बहुधा पूर्वेकडचा असतो, आणि सकाळचें कोंवळें ऊनहि त्याच अंगाकडून येतें. म्हणून मार्गशीर्ष-पौषांतील सकाळीं फांदीच्या पूर्वेस बसावें. ऊन आपल्या पाठीशीं, वारा आपल्या पाठीशीं, आणि पक्ष्याचें तोंड आपल्याकडे. पावसाळ्यांत हें गणित उलटें होतें. तेव्हां वारा पश्चिमेचा. सकाळीं पूर्वेस बसणाऱ्याला शेपटीचींच चित्रें मिळतात, आणि संध्याकाळीं पश्चिमेस बसणाऱ्याचें काम होतें. ऊन पाठीशीं आहे कीं नाहीं हें पाहण्यास आपली सांवली पुरे. सांवलीचें टोंक फांदीकडे वळलेलें असावें.

वेळ सकाळचे पहिले दोन तास किंवा दिवस मावळण्यापूर्वीचे दोन. दुपारीं ऊन डोक्यावरून पडतें, पक्ष्याचा डोळा स्वतःच्याच भिंवईच्या सांवलींत बुडतो, आणि माळ तापला म्हणजे जमिनीवरची हवा पाण्यासारखी थरथरूं लागते. त्या थरथरणाऱ्या हवेंतून काढलेलें चित्र कितीहि भारी कॅमेरा असला तरी अस्पष्टच येतें. कित्येकजण ह्याचा दोष भिंगाला देतात.

आतां त्या मोठ्या भिंगाच्या प्रश्नाकडे वळूं. हा भाग गणिताचा आहे, पण सोपा आहे. ४०० मिलिमीटरचें भिंग घेतलें व पक्षी दहा मीटरवर असला, तर कॅमेऱ्याच्या आंतील पटलावर त्याची प्रतिमा मूळच्या सुमारें पंचविसाव्या हिश्शाएवढी उमटते. वेडा राघू शेपटीच्या लांब काड्या सोडल्या तर सुमारें १८ सेंटिमीटर, म्हणजे १८० मिलिमीटर. त्याचा पंचविसावा हिस्सा सात मिलिमीटरांहून किंचित् अधिक. पूर्ण आकाराचें पटल ३६ मिलिमीटर रुंद असतें; म्हणजे राघूनें चौकटीच्या रुंदीचा पांचवा भाग व्यापला. हा आकार चित्राला पुष्कळ झाला. तोच पक्षी वीस मीटरवर असतां प्रतिमा निम्मी होते, व राघू चौकटीच्या दहाव्या भागांत मावतो. वीस मीटरवरून पहिल्याएवढीच प्रतिमा पाहिजे असेल, तर ८०० मिलिमीटरचें भिंग घ्यावें लागेल, आणि त्याची किंमत लाखांत मोजावी लागेल. नाहीं तर दहा मीटर पुढें जावें लागेल. त्याला पैसा लागत नाहीं, पण अर्धा तास लागतो.

पुढें जावयाचें तें कसें? उभ्यानें, सरळ रेषेंत, नजर रोखून चालत गेलों तर पक्ष्याला आपण शिकारी वाटतों, आणि त्यांत त्याची चूक नाहीं. बसून, थांबत थांबत, तिरकें जावें. मोटार थांबवून आंतच बसून राहिलें तर फारच उत्तम. मेंढरांमागें चालणारा धनगर, मोटार किंवा बैलगाडी यांना पक्षी फारसे बुजत नाहींत. इंग्लंडांतील यॉर्कशायरचे रिचर्ड व चेरी कीर्टन हे दोघे बंधु पक्ष्यांच्या छायाचित्रणाचे आद्य प्रवर्तकांपैकीं होत. १९०० च्या सुमारास त्यांनीं पेंढा भरलेल्या बैलाचें पोकळ सोंग तयार केलें, व त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह उभे राहून पक्ष्यांचीं चित्रें घेतलीं. आपणांस एवढा खटाटोप करण्याची गरज नाहीं. बाभळीच्या सांवलींत मळकट रंगाचें कांबळें पांघरून स्वस्थ बसलें तरी पुरतें. पक्ष्यानें खाणें थांबविलें, मान ताठ केली, पिसें अंगासरशीं आवळलीं, कीं आपण फार जवळ आलों असें समजावें व जागच्या जागीं थांबावें. घारीनें विष्ठा टाकली व ती पुढें झुकली म्हणजे ती उडणारच.

येथवर पक्षी जवळ आला. तरी चित्र झालें नाहीं, कारण अद्याप पार्श्वभूमीचा विचार राहिला आहे, आणि माझ्या मतें सगळ्या विद्येचें मर्म त्यांतच आहे. फांदीच्या मागें हातभर अंतरावर कुंपण असेल, तर त्याचा एकेक कांटा पक्ष्याइतकाच स्पष्ट उमटतो, आणि पाहणाऱ्याची नजर कांट्यांत अडकते. तेंच कुंपण चाळीस मीटर मागें असेल, तर तें विरघळून एक मऊ रंग होतें. फांदी आपण हलवूं शकत नाहीं. पण आपण दोन पावलें डावीकडे सरकूं शकतों, गुडघ्यावर बसूं शकतों, कोपरांवर आडवे होऊं शकतों. तेवढ्यानें पक्ष्याच्या मागचा पत्रा जातो व माळ येतो. पक्षी तारेवर असतां खालून काढलेल्या चित्रांत मागें पांढरें आकाश येतें व पक्षी काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. तोच पक्षी कमरेएवढ्या तरवडावर बसला आणि आपण त्याच्या डोळ्याच्या पातळीवर बसलों, कीं मागें कार्तिकांतलें सोनेरी गवत येतें. श्रावणांत तेंच गवत हिरवें असतें. म्हणून उंच फांदीवरचा दुर्मिळ पक्षी आणि खालच्या फांदीवरचा नेहमींचा पक्षी ह्यांत निवड करावयाची असेल, तर शिकणाऱ्यानें दुसरा घ्यावा.

मोकळ्या पार्श्वभूमीचें महत्त्व कॅमेऱ्याच्या पुष्कळ आधीं चित्रकारांना ठाऊक होतें. १६१२ सालीं गोव्याहून जहांगीर बादशहाकडे एक अपूर्व पक्षी नेण्यांत आला. तो टर्की होता. बादशहाच्या पदरीं असलेल्या उस्ताद मन्सूर नांवाच्या चित्रकारानें त्याचें चित्र काढलें, तें आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. पक्षी एका बाजूनें पूर्ण दिसतो, मानेवरची एकेक गांठ मोजतां येते, आणि मागची जागा जवळजवळ मोकळी आहे. मन्सूरला तेथें महाल, बाग, सेवक काय वाटेल तें काढतां आलें असतें.

आतां चौकटींत पक्षी कोठें ठेवावा? चौकटीचे उभे तीन व आडवे तीन समान भाग कल्पावे, आणि त्या रेषा जेथें एकमेकींस छेदतात त्यांपैकीं एखाद्या जागीं पक्षी ठेवावा, असा नियम सर्व पुस्तकें सांगतात. आरंभीं तो उपयोगी पडतो. पण तो कांहीं व्याकरणाचा नियम नव्हे. त्यापेक्षां मोलाची गोष्ट अशी कीं, पक्षी ज्या बाजूस पाहतो त्या बाजूस जागा अधिक सोडावी. वेडा राघू उजवीकडे पाहत असेल तर त्यास चौकटीच्या डाव्या अंगास ठेवावें; मग त्याच्यापुढें जी मोकळी हवा राहते तींत माशी नसली तरी पाहणाऱ्याला ती असल्याचा भास होतो. उलट केलें, तर पक्षी भिंतीवर नाक घासतो आहे असें वाटतें. कॅमेऱ्याचा नेम नेहमीं पक्ष्याच्या आपल्याकडील डोळ्यावर धरावा. डोळ्यांत उन्हाचा लहानसा ठिपका चमकला कीं पक्षी जिवंत होतो. तो नसेल तर पिसें कितीहि सुरेख आलीं तरी पक्षी पेंढा भरल्यासारखा दिसतो. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग सेकंदाचा पांचशेवा भाग पुरतो, पण राघू किंवा नीलपंख केव्हां झेप घेईल याचा नेम नसल्यामुळें हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवलेला बरा.

फांदीचेंहि एक सौंदर्य असतें आणि तें पक्ष्याच्या मापाचें असावें लागतें. जाड खांबावर राघू बसला तर बिचारा हरवून जातो. बारीक डहाळीवर घार बसली तर डहाळी मोडेल अशी धास्ती वाटते. फांदी चौकटीच्या कोपऱ्यांतून किंवा कडेनें तिरकी आंत आली म्हणजे नजर तिच्यावरून चालत पक्ष्यापर्यंत पोंचते. मध्येंच कोठून तरी उगवलेली फांदी अधांतरीं वाटते. पक्ष्याच्या डोक्यामागून दुसरी डहाळी निघाली, तर त्यास शिंग फुटल्यासारखें दिसतें. क्षितिजाची रेषा मानेंतून गेली तर मान कापल्यासारखी. ह्या चुका डोळ्यांना प्रत्यक्ष जागीं दिसत नाहींत, चित्रांत मात्र प्रथम त्याच दिसतात. विजेची तार मला स्वतःला आवडत नाहीं, कारण ती चित्राचे दोन तुकडे करते. तरी थंडीच्या एका पहाटे उसाच्या पट्ट्यांत मीं वेडे राघू तारेवर एकमेकांना खेटून ओळीनें बसलेले पाहिले आहेत. तेथें तार वगळली असती तर त्या ओळीला अर्थच उरला नसता.

काळ्या व पांढऱ्या पक्ष्यांविषयीं दोन शब्द. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक सर्व जग सरासरीनें राखी आहे असें धरून चालतो. काळ्या बाभळीपुढें पांढरा बगळा बसला तर तो काळोख पाहून प्रकाश वाढवितो, व बगळ्याचीं पिसें चुन्याच्या फांसटाप्रमाणें कोरीं होतात. उजळ आकाशापुढें कोतवाल बसला तर उलट होतें, व कोतवाल कोळसा होतो. पहिल्या प्रसंगीं प्रकाश हातानें कमी करावा, दुसऱ्यांत वाढवावा. मोबाइलमध्येंहि ही सोय असते.

कित्येकजण हवी तशी फांदी आणून रोवतात. त्यांत सरसकट दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. पक्षी जेथें आधींपासून येतो तेथें त्याच माळावरची एखादी वाळकी काटकी रोवली व काम झाल्यावर काढून घेतली, तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण अलीकडे दूरच्या रानांतला शेवाळलेला ओंडका मोटारींतून आणून माळावर ठेवण्याची टूम निघाली आहे, तिचें मला हंसूं येतें. वीस इंच पावसाच्या माळावर शेवाळ आलें कोठून? चित्रांतली फांदी ही पक्ष्याच्या घराचा पत्ता असते; तो पत्ता तरी खरा असावा. किडे टांगून किंवा मांसाचे तुकडे टाकून पक्ष्याला बोलावणें ही गोष्ट मात्र हंसण्यासारखी नाहीं. मोटार थांबली कीं खावयास मिळतें असें एकदां घारीला कळलें म्हणजे ती रस्त्याकडे येऊं लागते, आणि रस्त्यावर मोटारी थांबणाऱ्याच येतात असें नाहीं. विणीच्या दिवसांत पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला फसविणें हेंहि तसलेंच. प्रतिस्पर्धी आला असें समजून नर घरटें व अन्न टाकून त्या आवाजामागें हिंडत राहतो.

ह्या बाबतींत इतरांस उपदेश करण्याचा मला फारसा अधिकार नाहीं, आणि त्याचें कारण सांगितलेंच पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, कॅमेरा नवीन होता तेव्हांची गोष्ट. बारामतीच्या जिरायत भागांत एका बाभळीवर मला खाटकाचें घरटें सांपडलें. पिलें नुकतींच डोळे उघडूं लागलेलीं होतीं. आईबाप नाकतोडे घेऊन येत, व समोरच्या डहाळीवर क्षणभर बसून मग घरट्यांत उतरत. डहाळी सुरेख होती, ऊन सुरेख होतें. फक्त दोन पानाळ फांद्या मध्यें येत होत्या. मीं त्या मोडल्या. दोनच फांद्या, आणि मनाशीं म्हणालों कीं, बाभळीला काय त्याचें. चित्र उत्तम आलें. चोंचींतला नाकतोडा, उघडलेल्या तीन लाल चोंची, सगळें कांहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां गेलों तों घरटें रिकामें होतें. त्या फांद्या माझ्या दृष्टीनें आड येत होत्या. पिलांना त्यांची सांवली होती, आणि कावळ्यांच्या नजरेपुढें तोच पडदा होता. जोडपें शेजारच्या झाडावर बसून बराच वेळ कर्कश ओरडत होतें. तें चित्र मीं कोणास दाखविलें नाहीं. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यांत पक्ष्यांचीं अंडीं व घरटीं यांना उपद्रव देणें हें शिकारीच्या व्याख्येंत धरलें आहे, हें मला पुढें कळलें. पण तें वाचण्यापूर्वींच तो शब्द मला पटलेला होता.

एरिक हॉस्किंग नांवाचे एक प्रख्यात इंग्रज पक्षिचित्रकार होऊन गेले. १९३७ सालीं रात्रीं घुबडाच्या घरट्याजवळील आपल्या आडोशाकडे जात असतां घुबडानें त्यांच्या तोंडावर झडप घातली, व त्यांत त्यांचा डावा डोळा गेला. त्यांनीं हा उद्योग सोडला नाहीं. पुढें अनेक वर्षें ते एका डोळ्यानें चित्रें घेत राहिले. आपल्या माळावरचे पक्षी एवढे जबरदस्त नाहींत. खाटकानें माझ्या अंगावर झडप घातली असती तर बरें झालें असतें असें मला कधीं कधीं वाटतें.

जेथें जावयाचें तीं ठिकाणें थोडक्यांत सांगतों. बारामती तालुक्यांत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तें १९९७ सालीं जाहीर झालें. क्षेत्र सुमारें पांच चौरस किलोमीटर. तें चिंकाऱ्यांसाठीं प्रसिद्ध असलें तरी माळावरचे पक्षीहि तेथें आहेत. इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीचें गवताळ रान शिकारी पक्ष्यांकरितां छायाचित्रकारांच्या परिचयाचें झालें आहे. हिवाळ्यांत तेथें भोंवत्या घारी गवतावरून खालून खालून उडत असतात. अशा रानांत मोटार मळलेल्या वाटेबाहेर नेऊं नये, आणि पायींहि जपून चालावें. चंडोल, टिटवी व धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडीं घालतात, आणि तीं खड्यांसारखींच दिसतात. चांगल्या कोनासाठीं चार हात गवतांत घातलेलें चाक कशावरून गेलें हें चालविणाऱ्याला कळतहि नाहीं.

पाण्याकडे जाणाऱ्यांनीं भिगवण, डिकसळ, कुंभारगांव ह्या बाजूस जावें. तेथें हिवाळ्यांत रोहित पक्षी येतात व त्यांच्यासाठीं दूरदूरचे लोक लोटतात. परंतु रोहित फांदीवर बसत नसल्यामुळें ह्या लेखांत त्याचें काम नाहीं. आपल्या विषयाला पाणकावळा अधिक उपयोगी. बुडालेल्या झाडाच्या सांगाड्यावर तो पंख पसरून वाळवीत बसतो, आणि सकाळच्या उन्हांत तें काळें झाड व तो काळा पक्षी एकाच शाईनें काढल्यासारखे दिसतात. कवड्या खंड्या कोळ्यांच्या बांबूवर बसतो. होडींत बसतांना नावाड्याला आरंभींच सांगावें कीं, पक्षी उडाला तरी चालेल पण त्याला उडवूं नको. बहुतेक नावाडी उतारूंच्या आग्रहामुळेंच होडी जवळ घालतात. चित्रबलाक हा मोठा करकोचा इंदापूर तालुक्यांत भादलवाडीच्या तलावांतील झाडांवर व खुद्द इंदापूर गांवांतील चिंचांवर घरटीं करीत आला आहे. गांवांतल्या चिंचेखालून मोठें भिंग नसतांहि चित्र मिळतें. तेथें अडचण उलट असते: पक्षी इतके व फांद्या इतक्या, कीं काय वगळावें हाच प्रश्न पडतो. अशा वेळीं संबंध झाड घेण्याचा मोह आवरून कडेच्या एकाच फांदीवरचें एकच जोडपें घ्यावें.

ज्या विद्यार्थ्यानें मोठ्या लेन्सचा प्रश्न विचारला होता, त्याला मीं ह्यांतील बऱ्याच गोष्टी तोंडीं सांगितल्या व वही देऊन पाठविलें. तो तीन रविवार आपल्या मामांच्या शेताच्या बांधावर जाऊन बसला. तिसऱ्या रविवारीं त्यानें एक चित्र आणलें. कॅमेरा तोच, भिंग तेंच. तरवडाच्या एका वाळक्या शेंगेच्या टोंकावर गप्पीदास बसला आहे, चौकटीच्या उजव्या अंगास, खालच्या बाजूला. डावीकडे तोंड करून पाहतो आहे. आणि बाकी सगळीकडे सकाळच्या उन्हांतलें गवत. पक्षी पूर्वींच्या चित्रांइतकाच लहान आहे. तो मोठा करूं का, कडा कापूं का, असें त्यानें मला विचारलें. मीं नको म्हणून सांगितलें, आणि तें चित्र आहे तसेंच ह्या अंकांत छापावें अशी संपादकांस विनंति केली आहे.